दमेकऱ्याचा पंप : एक औषध कीं दोन ?

पावसाळा सरतां सरतां किंवा हिंवाळ्याच्या आरंभीं, पहाटेच्या सुमारास, पुष्कळ घरांत एकच दृश्य पाहावयास मिळतें. घरांतील कोणी वडीलधारें माणूस अंथरुणांत उठून बसलेलें असतें. हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, आणि छातींतून बारीक शिटीसारखा आवाज येत असलेला. कोणी पाठ चोळतें, कोणी ऊन पाणी आणून देतें. शेवटीं उशाशीं ठेवलेला लहानसा पंप तोंडाशीं धरला जातो, दोन फवारे ओढले जातात, आणि थोड्या वेळानें छाती मोकळी होते. मग तो पंप पुन्हां कोनाड्यांत जातो. पुढचा झटका येईपर्यंत त्याची आठवण कोणासहि होत नाहीं.

या सर्व प्रकारांत कांहीं चुकलें आहे असें घरच्यांना वाटत नाहीं. झटका आला, औषध घेतलें, बरें वाटलें. यापेक्षां अधिक तें काय करावयाचें? परंतु चूक नेमकी येथेंच आहे. झटका हें रोगाचें केवळ प्रकट रूप होय. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत, रोगी हिंडतफिरत असतांहि, रोग आपलें काम निमूटपणें करीतच असतो. ही गोष्ट ओळखून तिच्यावर तोडगा काढावयास वैद्यकशास्त्रालाहि कित्येक वर्षें लागलीं, आणि त्या अवधींत अनेक माणसें प्राणांस मुकलीं. त्या शोधाचें फळ म्हणजे आजचा जोड-औषधांचा पंप. त्याची माहिती प्रत्येक दमेकऱ्यास व त्याच्या घरच्या मंडळींस असणें जरूर आहे.

प्रथम फुप्फुसांची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. नाकावाटे घेतलेली हवा श्वासनालांतून खालीं उतरते. त्या नालाच्या दोन शाखा होतात, त्यांच्या आणखी शाखा, अशी ही विभागणी सुमारें तेवीस वेळां होत जाते. उलटें टांगलेलें एखादें झाडच जणूं. या झाडाच्या टोंकांशीं पानांऐवजीं सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांची संख्या ३० कोटींहूनहि अधिक भरते. या कोशांच्या पातळ भिंतींतून प्राणवायु रक्तांत शिरतो व दूषित वायु बाहेर पडतो. कोश कितीहि चांगले असले, तरी तेथवर हवा पोहोंचविणाऱ्या नळ्या मोकळ्या नसतील तर त्यांचा उपयोग काय ? शिवाय नळ्यांच्या बाबतींत गणिताचा एक कठोर नियम आहे. नळींतून वायु संथपणें वाहत असतां तिची त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा दुप्पट किंवा चौपट होऊन थांबत नाहीं; तो सोळापट होतो. थोड्याशा सुजेनें दमेकरी इतका कासावीस कां होतो, याचें उत्तर या नियमांत आहे.

दम्यामध्यें या नळ्यांत दोन बिघाड होतात. पहिला बिघाड स्नायूंचा. नळ्यांच्या भोंवतीं स्नायूंचीं वेटाळीं असतात. धूळ, धूर, परागकण, थंड हवा, सर्दी अशा कोणत्याहि निमित्तानें तीं आवळतात. दुसरा बिघाड आंतल्या अस्तराचा. तें सुजतें, लाल होतें, आणि त्यांतून चिकट कफ स्रवूं लागतो. मळ्यांतील रबरी नळीचा दाखला येथें चांगला लागू पडतो. नळीवर कोणाचा पाय पडला तर पाणी अडतें. आणि नळीच्या आंत शेवाळ माजलें तरीहि पाणी अडतें. पाय बाजूला केला कीं धार तत्काळ सुरू होते, परंतु तेवढ्यानें शेवाळ जात नाहीं. तें रोज थोडें थोडें खरवडून काढावें लागतें. झटक्याच्या वेळीं घेतलेला फवारा हा केवळ नळीवरील पाय काढणारा आहे.

दम्याचाच एक थोरला भाऊबंद म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला सी. ओ. पी. डी. म्हणतात तो श्वासमार्गरोधाचा जुनाट विकार. हा बहुधा चाळिशीनंतर डोकें वर काढतो. विडी-सिगारेट हें त्याचें मोठें कारण खरें. परंतु आपल्या देशांत आयुष्यांत एकदांहि विडीला न शिवलेल्या असंख्य स्त्रियांना तो जडतो. लांकडें आणि गोवऱ्या जाळून वर्षानुवर्षें चुलीपुढें बसल्याचें हें फळ होय. दम्यांत मोकळीक आणि अडथळा यांचा लपंडाव चालतो. या विकारांत मात्र अडथळा कायमचा घर करून बसतो. कोशांच्या भिंती एकदां फाटल्या कीं त्या पुन्हां सांधतां येत नाहींत. जागतिक रोगभाराच्या अभ्यासांतील अंदाजाप्रमाणें २०१६ सालीं भारतांत या विकाराचे सुमारें साडेपांच कोटि आणि दम्याचे सुमारें पावणेचार कोटि रोगी होते. क्षय किंवा हिंवताप यांच्याइतकी चर्चा या रोगांची होत नाहीं, एवढेंच.

दम्याची ओळख या देशाला नवी नाहीं. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमक श्वासाचें वर्णन दम्याशीं पुष्कळ जुळतें. आडवें पडल्यानें त्रास वाढतो व उठून बसल्यानें बरें वाटतें, हें लक्षणहि तेथें नोंदलेलें आहे. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपचारहि येथें प्रचारांत होता. इ. स. १८०२ च्या सुमारास मद्रासेहून जनरल जेंट नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें तो इंग्लंडांत नेला, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें युरोपांतील दमेकरी धोतऱ्याच्या विड्या ओढीत राहिले. हा निव्वळ अडाणीपणा नव्हता. धोतऱ्यांत अॅट्रोपीनसारखीं द्रव्यें असतात व तीं नळ्यांचा आवळा सैल करतात. परंतु धोतरा विषारी. त्याची मात्रा हातांत राहत नाहीं, आणि धुरानें होणारा अपाय वेगळाच. त्याच जातीचें, पण शुद्ध व बेताचें औषध आज टायोट्रोपियम या नांवानें पंपांतून दिलें जातें.

औषध पोटांत न देतां श्वासावाटे देण्याच्या साधनाला ‘इन्हेलर’ हें नांव प्रथम प्लिमथ येथील डॉक्टर जॉन मज यांनीं १७७८ सालीं दिलें. त्यांचें साधन म्हणजे जस्ती वळणाचा एक पेला व त्याला जोडलेली नळी, इतकें साधें होतें. परंतु मार्ग अचूक होता. साल्ब्युटामॉल या औषधाच्या गोळींत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम द्रव्य असतें. फवाऱ्यांत तें अवघें १०० मायक्रोग्रॅम असतें. गोळी पोटांतून रक्तांत आणि रक्तांतून सर्व शरीरभर फिरते. हात कांपतात, छाती धडधडते. फवारा मात्र जेथें काम आहे तेथेंच जातो, म्हणून चाळिसाव्या हिश्शानें भागतें. ‘पंप म्हणजे फार जालीम औषध, गोळी आपली सौम्य,’ अशी जी समजूत घरोघर आढळते, ती वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे.

आजच्या पंपाचा जन्म अमेरिकेंत झाला. रायकर लॅबोरेटरीज या कारखान्याचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. केसांवर उडविण्याच्या फवाऱ्याप्रमाणें आपलें औषध डब्यांत भरून कां मिळूं नये, असा प्रश्न तिनें १९५५ सालीं वडिलांना विचारला. वडिलांनीं तो हंसण्यावारी नेला नाहीं. १९५६ सालीं दाबतांक्षणीं ठरलेलीच मात्रा बाहेर टाकणारा पंप बाजारांत आला.

परंतु सोय झाली आणि सोयीबरोबर संकटहि आलें. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादि देशांत दम्यानें होणारे मृत्यु एकाएकीं वाढले. आयसोप्रिनालीन नांवाच्या औषधाच्या तीव्र मात्रेचे पंप त्या वेळीं सर्रास वापरले जात होते. रोगी फवारा घेई, त्याला बरें वाटे. पुन्हां दम लागला कीं पुन्हां फवारा. आंतली सूज वाढत जाई, आणि अखेर अशी वेळ येई कीं फवारा चालेनासा होई व इस्पितळ गांठावयास उशीर झालेला असे. १९६९ सालीं साल्ब्युटामॉल हें अधिक निर्धोक औषध आलें. तरीहि तें पाय काढणारेंच, शेवाळ काढणारें नव्हे. सुजेवरील खरें औषध पंपांतून मिळूं लागलें तें १९७२ सालीं. बेक्लोमेथासोन हें त्याचें नांव असून तें स्टिरॉइड जातीचें आहे.

आतां दोन बिघाडांसाठीं दोन औषधें हातीं आलीं. मग अडचण कोणती उरली ? अडचण मनुष्यस्वभावाची होती. स्टिरॉइडचा फवारा घेतल्याबरोबर कांहींच जाणवत नाहीं. त्याचा गुण कांहीं दिवसांनीं, कित्येकदां कांहीं आठवड्यांनीं दिसूं लागतो. साल्ब्युटामॉलचा गुण पांच मिनिटांत येतो. दोन पंप समोर ठेवले तर रोगी कोणता उचलील हें सांगावयास ज्योतिषी नको. तात्काळ सुख देणाऱ्याची सलगी होई आणि हिताचें काम करणारा पंप धूळ खात पडे.

१९९० सालीं साल्मेटेरॉल हें नळ्या सुमारें बारा तास मोकळ्या ठेवणारें औषध इंग्लंडांत आलें. फॉर्मोटेरॉल हें त्याच जातीचें दुसरें औषध. दम कमी पडला कीं स्टिरॉइडची मात्रा वाढवावयाची, हाच तोंवरचा परिपाठ होता. परंतु १९९४ सालीं ब्रिटनमधील एका अभ्यासांत असें आढळून आलें, कीं स्टिरॉइडची मात्रा दुपटीहून अधिक करण्यापेक्षां थोड्या मात्रेलाच साल्मेटेरॉलची जोड दिल्यास रोग्यांस अधिक आराम पडतो. पुढें १९९७ सालीं ८५२ रोग्यांवर वर्षभर चाललेल्या एका अभ्यासाचे आंकडे प्रसिद्ध झाले. थोड्या मात्रेच्या स्टिरॉइडला फॉर्मोटेरॉलची जोड दिल्यानें तीव्र झटके शेंकडा २६ नीं कमी झाले. जोड न देतां स्टिरॉइडच वाढविल्यानें ते शेंकडा ४९ नीं कमी झाले. आणि दोन्ही केल्यानें शेंकडा ६३ नीं कमी झाले. म्हणजे झटक्यांपासून बचाव करण्याचा मुख्य भार स्टिरॉइडवर आहे, आणि जोडीदार मिळाला तर तो भार अधिक चांगला पेलला जातो.

मात्र हा जोडीदार एकटा पाठवूं नये, हेंहि अनुभवानें शिकविलें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका अभ्यासांत सुमारें २६,००० दमेकऱ्यांपैकीं निम्म्यांना नेहमींच्या उपचाराखेरीज साल्मेटेरॉल व निम्म्यांना निरौषधी फवारा देण्यांत आला. पहिल्या गटांत दम्यानें १३ माणसें दगावलीं, दुसऱ्यांत ३. या रोग्यांपैकीं पुष्कळजण स्टिरॉइड घेतच नव्हते. नळ्या मोकळ्या राहिल्यामुळें आंतील सूज लपून राहते, हाच तो जुना धोका. उलट, दोन्ही औषधें एकत्र देऊन पुढें जे मोठे अभ्यास झाले त्यांत असा धोका वाढलेला दिसला नाहीं. म्हणून अमेरिकेच्या औषधखात्यानें जोड-औषधांवरील ठळक इशारा २०१७ सालीं काढून घेतला.

दोन्ही औषधें एकाच पंपांत घालण्याचें खरें शहाणपण येथें दिसून येतें. साल्मेटेरॉल आणि फ्लुटिकॅसोन यांचा जोड-पंप १९९९ सालीं ब्रिटनमध्यें विक्रीस आला. पाठोपाठ फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड यांचाहि आला. आतां रोग्याला सुखाचें औषध घेऊन हिताचें टाळतां येईना. एकाच ओढींत दोन्ही आंत जातात. शिवाय हीं दोन औषधें एकमेकांस साहाय्यहि करतात. स्टिरॉइडमुळें स्नायूंवरील ज्या ग्राहकांवर दुसरें औषध काम करतें त्यांची संख्या टिकून राहते, आणि त्या दुसऱ्या औषधामुळें स्टिरॉइडचें पेशींतील कार्य सुलभ होतें.

सी. ओ. पी. डी. च्या रोग्यांचा हिशोब थोडा निराळा आहे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ६,००० हून अधिक रोग्यांवर तीन वर्षें चालला होता. जोड-पंप घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १२.६ आणि निरौषधी फवारा घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १५.२ रोगी त्या अवधींत मरण पावले. हा फरक शास्त्रीय निश्चितीच्या उंबरठ्यावरच राहिला. विकार बळावण्याचे प्रसंग मात्र सुमारें चतुर्थांशानें घटले. पण त्याबरोबरच न्यूमोनियाचें प्रमाण शेंकडा १२.३ वरून १९.६ वर गेलेलें आढळलें. म्हणून या विकारांत आतां बहुधा नळ्या मोकळ्या ठेवणाऱ्या दोन निरनिराळ्या जातींच्या औषधांची जोडी प्रथम देतात. ज्यांचा विकार वरचेवर उसळतो आणि रक्तांत इओसिनोफिल नांवाच्या पेशी अधिक असतात, अशांनाच स्टिरॉइडची भर घालतात. तिन्ही औषधें एकत्र असलेले पंप २०१७ पासून निघाले आहेत. शेजाऱ्याला लागू पडला म्हणून त्याचा पंप आपणहि आणावा, हें धोक्याचें कां, तें यावरून कळावें. आणि विडी न सोडतां किंवा स्वयंपाकघरांतील धूर न काढतां कोणताहि पंप पुरा पडणार नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

पंपाविषयींच्या शंकांमध्यें सर्वांत मोठी ती संवयीची. ‘एकदां लागला कीं सुटत नाहीं,’ असें म्हणतात. या औषधांची व्यसनाच्या अर्थानें संवय लागत नाहीं. रोग जुनाट आहे म्हणून औषध दीर्घकाळ लागतें. दृष्टि अधू असलेल्या माणसाला चष्म्याचें व्यसन लागलें असें कोणी म्हणत नाहीं. उपवर मुलीचा पंप लपवून ठेवणारीं घरें अजून आहेत. लपविलेला पंप वेळीं-अवेळीं घेतला जातो, आणि त्याचा दंड त्या मुलीच्या फुप्फुसांना भरावा लागतो. दुसरी शंका स्टिरॉइडची. फवाऱ्यांतील मात्रा मायक्रोग्रॅमांत मोजण्याइतकी अल्प असते. आवाज घोगरा होणें, तोंडांत पांढरी बुरशी येणें, हे त्याचे नेहमींचे उपद्रव. ते बहुतांशीं चूळ भरून टाळतां येतात. मोठी मात्रा वर्षानुवर्षें चालू राहिली तर हाडें व डोळे यांवर परिणाम होऊं शकतो. म्हणूनच रोग ताब्यांत आल्यावर मात्रा कमी करणें हें डॉक्टरांचें काम असतें. परंतु तें त्यांनीं करावयाचें, रोग्यानें परस्पर नव्हे.

औषध कितीहि उत्तम असलें तरी तें नळ्यांपर्यंत पोहोंचलें पाहिजे. फवाऱ्यांतील १ ते ५ मायक्रॉन आकाराचे कणच खोलवर जाऊं शकतात. चांगल्या रीतीनें घेतला तरी साध्या पंपांतील औषधाचा लहानसाच अंश फुप्फुसांत उतरतो, बाकीचें घशांत बसतें. वाईट रीतीनें घेतला तर सगळेंच वायां जातें. पंप प्रथम चांगला हालवावा. सावकाश श्वास सोडून छाती रिकामी करावी. ओठ तोटीभोंवतीं घट्ट मिटावेत. मग सावकाश व खोल श्वास घेण्यास आरंभ करावा आणि त्याच क्षणीं पंप दाबावा. श्वास पुरा भरला कीं तो दहा सेकंद, म्हणजे मनांत सावकाश दहा अंक मोजेपर्यंत, रोखून धरावा. दुसरा फवारा घ्यावयाचा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हां हाच क्रम. दाबणें आणि ओढणें यांचा मेळ ज्यांना जमत नाहीं, अशा मुलांनीं व वृद्धांनीं स्पेसर नांवाचा पोकळ डबा पंपाला जोडावा. त्यानें घशांत बसणारें औषधहि कमी होतें. कोरड्या भुकटीच्या साधनाचा नियम मात्र उलटा आहे. तेथें श्वास जोरानें व वेगानें ओढावा लागतो. आणि त्या साधनांत तोंडानें कधींहि फुंकूं नये, कारण तोंडांतील ओलाव्यानें भुकटीच्या गुठळ्या होतात. पंप रिकामा झाला कीं नाहीं हें तो हालवून किंवा पाण्यांत तरंगवून नीट कळत नाहीं. १२० फवाऱ्यांचा पंप सकाळीं दोन व रात्रीं दोन या हिशोबानें बरोबर ३० दिवस पुरतो. आरंभाची तारीख डबीवर लिहून ठेवावी, हें बरें.

झटक्याच्या वेळीं कोणता पंप घ्यावा, याविषयींहि विचार बदलला आहे. २०१४ सालीं ब्रिटनमध्यें दम्यानें झालेल्या १९५ मृत्यूंची छाननी प्रसिद्ध झाली. ज्या १६५ जणांच्या तात्काळ आरामाच्या पंपांचा हिशोब उपलब्ध होता, त्यांतील ६५ जणांना अखेरच्या वर्षांत असे बारांहून अधिक पंप लिहून दिलेले होते. तात्काळ आरामाचा पंप महिन्याला एक याहून अधिक लागूं लागला, तर ती औषधाची कीर्ति नसून धोक्याची घंटा समजावी. २०१९ पासून दम्याविषयींच्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या जागतिक संस्थेनें मोठ्यांस व कुमारवयीन मुलांस नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवूं नये असा सल्ला दिला आहे. फॉर्मोटेरॉलचा गुण कांहीं मिनिटांतच येत असल्यामुळें, तें आणि स्टिरॉइड असलेला जोड-पंप नित्याच्या वेळीं व झटक्याच्या वेळींहि घेण्याची पद्धत आतां मान्य झाली आहे. साल्मेटेरॉलचा जोड-पंप असा वापरतां येत नाहीं, कारण त्याचा गुण उशिरां येतो. आपल्याजवळील पंप कोणत्या जातीचा आहे, हें म्हणूनच डॉक्टरांस स्पष्ट विचारून घ्यावें. आणि एका दमांत पुरें वाक्य बोलतां येईनासें झालें, ओठ निळसर दिसूं लागले, किंवा फवाऱ्यानें उतार पडेना, तर घरीं वाट न पाहतां तडक इस्पितळ गांठावें.

असो. पहाटे उठून बसणाऱ्या त्या वडीलधाऱ्या माणसाकडे पुन्हां वळूं या. त्याच्या कोनाड्यांतील पंप जर डॉक्टरांनीं नित्य घ्यावयास सांगितलेला जोड-पंप असेल, तर त्याची जागा कोनाड्यांत नाहीं. ती दांत घासावयाच्या ब्रशाशेजारीं आहे. सकाळीं व रात्रीं दांत घासण्यापूर्वीं फवारा घेतला, तर वेळ चुकत नाहीं आणि चूळ आपोआप भरली जाते. बरें वाटत असतांना घ्यावयाचें तेंच खरें औषध, एवढी एक गोष्ट त्या घराला पटली, तर पहाटेच्या वेळीं त्या छातींतून शिटी ऐकूं येण्याचे प्रसंग क्वचितच येतील, आणि घरच्या माणसांनाहि सुखानें झोंप लागेल.